खुशालच्या वजनाचा बांबू

चोपन्न. नागपूर स्टेशनच्या फलाटावरच्या वजनाच्या मशीननं दात खाल्ल्यासारखा आवाज केला, लाल-हिरवे दिवे गरागरा फिरवले आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली टाकलं. त्यावर चोपन्न किलो. मला मशीनचाच राग आला. म्हटलं, साल्या, घरी दोन वेळा जेवतो, ऑफिसात डबा खातो, क्वार्टरमधे कोणाकडे पूजा असली की दोनदा प्रसाद मागून घेतो, ते सगळं जातं कुठं? तिकिटाच्या मागं हिंदीत भविष्य छापलं होतं, मित्राच्या मदतीनं अडलेलं काम पार पडेल म्हणून. ते वाचून तर मी तिकीट चुरगाळलंच. मागं एक बाई लेकराला घेऊन थांबली होती. "हटा ना भाऊ, पोराले वजन करू द्या," ती म्हणाली, तरी माझे पाय त्या लोखंडी पाटावरून हलेनात. कारण याच पाटावर सहा वर्षांपूर्वी मी एकटा उभा नव्हतो. खुशाल होता. खुशाल म्हणजे माझा साळा, माझ्या बायकोचा, रुखमाचा, धाकटा भाऊ, करडी गावचा शेतकरी, धानाचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा गडी. आम्ही शिडाचं कापड आणि नायलॉनची दोरी घ्यायला नागपूरला आलो होतो आणि परतीची गाडी उशिरा होती. "भाऊजी, दोघंही चढू, काय करते ते पाहू मशीन," असं म्हणून त्यानं मला कमरेला धरून वर ओढलं. मशीन गांगरली, काटा थरथरला, पोर्टर ओरडला, आणि एकशेसव्वीस आले. खुशाल ते तिकीट गाडीतल्या प्रत्येक माणसाला दाखवत सुटला, हे पाहा आमचे भाऊजी, एकशेसव्वीस किलोचे. मी लग्नात चोपन्न होतो, तेव्हाही चोपन्न, आजही चोपन्न. बाकीचं सगळं त्याचं होतं. आता बाकीचं नव्हतं, आणि चोपन्न किलोत उलटलेली बोट सरळ होत नाही. हे मला आधीही ठाऊक होतं, पण असं छापून हातात कोणी दिलं नव्हतं. बाईनं पुन्हा हाक मारली तेव्हा मी उतरलो.

गाडी आमच्या वरठी स्टेशनापर्यंत रखडत गेली आणि मी खिडकीशी बसून माझ्याशीच भांडत होतो. तीन दिवसांपूर्वी रुखमानं अट घातली होती. कारध्याचा तुलाराम, ज्याच्या अंगणात आमची बोट दीड वर्ष उलथी पडली होती, तो बिचारा स्वतः जवाहरनगरला आला, ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "तेजरामभाऊ, मले जाळे वाळवाले जागा नाई ना जी. बोट पाण्यात टाका, नाईतर घेऊन जा." त्याचं काही चुकलं नव्हतं. तो गेल्यावर मी रुखमाला म्हणालो, या दसऱ्याला टाकतो पाण्यात. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणासंग?" मी म्हटलं, एकटाच. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "उलटली त?" उलटली तर सरळ करीन. "एकटे?" हो, एकटा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी मनगटं शर्टाच्या बाहीत लपवावीशी वाटली. "मंग मायासमोर उलटवा," ती म्हणाली, "आन् मायासमोर एकट्यानं उठवून दाखवा. उठली त रोज जा, मी काई बोलणार नाई. नाई उठली त मी सोता तिच्या फळ्या चुलीत घालतो." रुखमा बोललेलं करते. तिच्या माहेरी सगळे असेच, एकदा बोलले की झालं. आणि ती बोट चुलीत गेली असती तर खुशालचं म्हणण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काय राहिलं होतं? त्याचं शेत त्याच्या आईचं झालं, बैल विकले गेले, सदरे वाटून टाकले. एक बोट होती, अर्धी त्याची, आणि तो अर्धा भाग कोणता हे मलाच सांगता आलं नसतं.

बोट म्हणजे तरी काय. जवाहरनगरच्या वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकात मला एक चित्र सापडलं होतं, कॅटमरान म्हणून. एका नावेऐवजी दोन अरुंद नावा, मधे दांड्यांनी जोडलेल्या, वर शीड. मी ड्राफ्ट्समन माणूस, दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या वस्तूंचे नकाशे काढणारा. मला त्या चित्रानं झपाटलं. पण भंडाऱ्यात शीड कोण लावतं? इथं वैनगंगेत डोंगे चालतात, बांबूनं ढकलायचे नाहीतर वल्ह्यानं. ज्याला ज्याला दाखवलं तो हसला. खुशालनं मात्र मासिक आडवं-उभं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे त बैलजोडी आहे भाऊजी. मधात जू आहे, पाहा ना." झालं, ठरलं. दोन उन्हाळे त्याच्या गुरांच्या कोठ्यात आम्ही ठोकाठोक केली. प्लायवूडच्या दोन लांब, टोकाशी निमुळत्या पेट्या, बाहेरून डांबर, आत हवेसाठी तोंडं झाळून बंद केलेले डालडाचे डबे. दोन्ही पेट्या बांधायला सागाच्या दोन आडव्या दांड्या, मधे बसायला जाळी, पुढच्या दांडीवर डोलकाठी. शीड रुखमानं शिवलं, मशीनवर, अंगणात मावेना म्हणून गल्लीत पसरून. खुशालनं बोटीला नाव दिलं जोडी. उजव्या पेटीच्या बाजूला तो बसायचा, डाव्या बाजूला मी, आणि तो जड म्हणून तो जाळीच्या मध्याकडे सरकून असायचा, मी पार काठावर. तो जरा हलला की मी हलायचो. सहा-सात महिन्यांत ते आमच्या अंगात इतकं भिनलं की माझ्या घरी खाटेवर बसतानाही तो एका टोकाला बसला की मी दुसऱ्या टोकाला जायचो. रुखमा हसायची, म्हणायची, खाट काई बुडत नाई तुमची.

या जातीच्या बोटीचा एक स्वभाव आहे. सहजासहजी उलटत नाही, पण उलटली की आपल्या आपण उठतही नाही. एक पेटी पाण्यात, दुसरी वर उभी, डोलकाठी पाण्यावर आडवी. डोलकाठीच्या शेंड्याला आम्ही एक बंद डबा बांधला होता म्हणून ती पार पालथी होत नसे, आडवी पडून राही. खुशाल लगेच ओरडायचा, "बैल बसला, भाऊजी!" मग आम्ही दोघं पाण्यातल्या पेटीवर उभे राहायचो, वरच्या पेटीवरून आलेली दोरी धरायचो आणि पाठ पाण्याकडे करून मागं रेलायचो. सुरुवातीला काही होत नाही. मग डोलकाठी पाण्यातून निघते, शिडातून पाणी गळतं, आणि एकदम सगळं हलकं होऊन वरची पेटी धाडकन खाली येते. खुशाल पाण्यातून तोंड काढून म्हणायचा, "उठला राजा." आम्हाला वाटायचं ही आमची करामत. खरं तर ते फक्त वजन होतं, बहात्तर त्याचं आणि चोपन्न माझं, बोटीच्या वजनाविरुद्ध मागं टाकलेलं. पण बहात्तर किलोचा माणूस तुमच्या बाजूला उभा असताना हे कोण मोजत बसतं.

त्याच्या पोटात गाठ निघाली. संक्रांतीनंतर तो नागपूरच्या दवाखान्यात होता, आणि फाल्गुनात आम्ही त्याला करडीला परत आणलं, कारण डॉक्टर म्हणाले घरी न्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून गाडीपर्यंत त्याला मी उचलून नेलं. एकट्यानं. मी, चोपन्न किलोचा. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तो म्हणाला, "भाऊजी, ताकद आली हो तुमाले." मी म्हटलं, गप रे. त्या वाक्याचा मला आजही राग येतो. कोणावर येतो ते सांगता येत नाही. त्याच्या हसण्यावर असेल, की त्या पायऱ्या मला जड गेल्या नाहीत यावर असेल.

तर नागपूरहून परत आलो त्याच संध्याकाळी चहा झाल्यावर मी स्वयंपाकघरात पाटावर कागद ताणला. रुखमा पोळ्या लाटत होती. उपाय मला साधारण माहीत होता, मासिकातल्या एका चित्रात तसा दांडा दिसला होता, पण तेव्हा आम्ही त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. डोलकाठीच्या बुडाशी आडव्या दांडीला बिजागरीनं एक बांबू लावायचा. एरवी तो जाळीखाली मिटलेला. बोट आडवी पडली की तो बाहेर फिरवायचा, डोलकाठीच्या उलट दिशेला, म्हणजे तो पाण्यावर लांब निघून राहतो, आणि त्याच्या टोकापासून दांडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणायच्या, म्हणजे तो हलत नाही. मग माणसानं पेटीवर उभं राहून रेलण्याऐवजी त्या बांबूच्या टोकाला जाऊन लटकायचं. माणूस तोच, पण लांबून लटकल्यामुळे जास्त भरतो. दगड उचलायला लांब पहार लागते, तसंच. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की किती लांब. किती फूट बांबू म्हणजे एक खुशाल. मी असं मनात म्हटलं आणि मला स्वतःची लाज वाटली, पण गणित तेच होतं, दुसरं कोणतं होतं? बोटीचं वजन मी धरलं, ती आडवी असताना ते कुठं पडतं ते धरलं, आणि आधी सोपं ते काढलं, की बांबू नसताना, नुसतं दोरीवर रेलून, कमीत कमी किती वजनाची माणसं लागतात. एकशेदहा आले. म्हटलं बरोबर, आम्ही एकशेसव्वीस होतो, म्हणून उठायची. पेन्सिल पुढं सरकवणार, तेवढ्यात मला तो रविवार आठवला.

कोजागिरीच्या आधीचा रविवार. खुशाल जायच्या आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर. नदी भरून होती, पण शांत होती, कारध्याच्या पुलाच्या वर डोहात आम्ही होतो आणि वारा एकदम वळला. जोडी आडवी पडली. "बैल बसला!" आम्ही पेटीवर उभे राहिलो, दोरी धरली, रेललो. डोलकाठी पाण्यातून जेमतेम निघाली आणि तिथंच थांबली. पुन्हा रेललो. पुन्हा तेवढीच. खुशाल दोरीवर झोके घेत होता, दात आवळून, आणि मी म्हणत होतो, अरे जोर लाव ना, झोपला का? तो म्हणाला, "रुसला आज बैल." शेवटी तुलाराम डोंगा घेऊन आला आणि त्यानं शेंडा उचलून धरला तेव्हा ती उठली. काठावर आल्यावर खुशाल उन्हात बसून कुडकुडत होता. डोलकाठीत पाणी शिरलं असेल, मी म्हटलं. शीड जड झालं असेल. जाळीत गवत अडकलं असेल. मी एकेक कारण काढत होतो आणि तो एकेकाला मान डोलावत होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊजी, तुमी वाळले बहुत. खात जा ना जरा." आणि मी ते खरं मानलं. त्यानंतरच्या रविवारी तो म्हणाला आज नको, धान कापणीला आलं आहे. त्यापुढच्या रविवारी म्हणाला पुढच्या साली पाहू. यायचा मात्र. काठावर रुखमाच्या बाजूला बसायचा आणि मी बोट नुसती धुऊन-पुसून ठेवायचो. त्याचं मन भरलं असं मी समजलो, आणि मनातून थोडा चिडलोही होतो त्याच्यावर.

एकशेदहा लागतात. आणि उठली नाही. म्हणजे त्या दिवशी दोरीवर एकशेदहा नव्हते. डोलकाठीत पाणी नव्हतं, शीड नेहमीएवढंच जड होतं. त्यातून माझे चोपन्न गेले, ते तर कधीच बदलत नाहीत. मी वजाबाकी केली, खोडली, पुन्हा केली. छप्पन्नच्या आत. जो माणूस माझ्या शेजारी ढगळ सदरा घालून उभा होता, जो मला खात जा म्हणत होता, तो त्या दिवशी माझ्याएवढाच होता. संक्रांतीला डॉक्टरांनी गाठ सांगितली, पण आश्विनातच बोटीला ती कळली होती. बोटीनं सांगितलं आणि मी गवत शोधत बसलो. मी पेन्सिल खाली ठेवली. रुखमानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, टोक तुटलं पेन्सिलीचं. तिला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं. तिनं भाऊ गमावला होता, त्यात आता हा आकडा कशाला. कागद उलटा करून मी दुसऱ्या बाजूला बांबूचं गणित केलं. सात फूट आले. थोडा जास्त असू दे म्हणून आठ धरले. मग पोळ्या खाल्ल्या, चार खाल्ल्या, आणि रुखमा पाहतच राहिली.

बांबू कुठून आणायचा याचा विचार करावाच लागला नाही. करडीला खुशालच्या बांधावर कटंग बांबूचं बेट आहे, भरीव, पोलादासारखं, आणि ते त्यानंच लहानपणी लावलेलं. पण त्यांच्या घरची एक रीत आहे. ज्या बेटातून तिरडीचे बांबू काढले, त्या बेटाला वर्ष उलटेपर्यंत कोणी कोयता लावायचा नाही. ना मांडवाला, ना कुडाला. माझी सासू गोदावरीबाई त्या बाबतीत इतकी पक्की, की वादळात मोडून पडलेला बांबूही तिनं कोणाला उचलू दिला नव्हता. मी गेलो तेव्हा ती धानाच्या बांधीत पाणी पाहत उभी होती. मी भीत भीत म्हटलं, मामी, एक बांबू पाहिजे होता. ती म्हणाली, "कायले?" मी सांगितलं. बोट काय, बिजागरी काय, तिला काही कळलं नसावं, पण एकटा उठवीन म्हटल्यावर तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग चिखलाचे पाय तसेच घेऊन ती बेटापर्यंत चालत आली. "वर्ष त होऊन गेलं," ती म्हणाली. "म्या त्यानंतर इकडं पायच ठेवला नवता." बुंध्यांशी दोन जुने घाव दिसत होते, काळे पडलेले. ते तिनं दाखवले नाहीत आणि मीही विचारलं नाही. तिनं हातानं एकेक बांबू हलवून पाहिला, आतल्या बाजूचा एक निवडला. "हा घेऊन जा जवाई. सरळ आहे. त्याच्यावानीच आहे." आणि मग तिथंच बांधावर बसून ती रडली, मोठ्यानं, लाज न धरता, आणि मी कोयता हातात घेऊन उभा राहिलो. बांबू तिनं म्हटल्याशिवाय तोडायचा नव्हता. रडणं झाल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तोड."

एसटीच्या टपावर तो बांबू टाकून मी कारध्याला नेला. पुढचे रविवार तुलारामच्या अंगणात गेले. बिजागरी जुन्या बैलबंडीच्या लोखंडी पट्टीची केली, खीळही बंडीचीच. मिटलेला बांबू जाळीखाली राहावा म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. पहिल्यांदा बोट लिंबाच्या झाडाला आडवी टेकवून मी टोकाला लटकलो तर बांबू धनुष्यासारखा वाकला आणि मी अलगद जमिनीवर बसलो. तुलाराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "अजी, हा त तुमाले खाली ठेवून देते, जसा नवरदेव!" मी चिडलो, पण त्याचं हसणं खोटं नव्हतं. ताणाच्या दोऱ्या मी बांबूच्या मध्यावर बांधल्या होत्या, टोकाला नाही. कागदावर टोकाला होत्या. हातानं मध्यावर का बांधल्या कोण जाणे. टोकाला बांधल्यावर बांबू वाकला नाही. तुलाराम म्हणाला आता बराबर आहे, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला तर वाकला तेव्हाच बरं वाटलं होतं, एक क्षणभर, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. जमत नाही म्हटलं की त्याची जागा रिकामीच राहते. जमलं की ती भरते, आणि कशानं, तर एका बांबूनं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी रुखमा आली. येताना डबा आणला होता, आणि खुशाल असतानाच्या दिवसांत बसायची तिथंच, काठावरच्या काळ्या दगडावर बसली. तुलाराम डोंगा घेऊन डोहाच्या बाजूला उभा राहिला, काही झालंच तर म्हणून. मी एकट्यानं शीड वर केलं. वारा बेताचा होता, बोटीला उलटवेना, तेव्हा मीच एका बाजूला लोंबकळून तिला ओढून आडवी पाडली. आडवी पडली तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप निघालं, बैल बसला. कोणाला ऐकू गेलं नसेल. पाणी गार होतं. मी पोहत खालच्या पेटीशी गेलो, ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या, बांबू बाहेर फिरवला. खीळ ठोकली. दोऱ्या ताणल्या. मग पेटीवर चढलो. इथंच आम्ही दोघं उभे राहायचो. पेटी माझ्या एकट्याच्या पायाखाली कमी बुडाली होती, ते पायांना लगेच कळलं. मी बांबूवर आडवा झालो आणि हातांनी सरकत टोकाकडे निघालो, पाठ पाण्याकडे, पाय बांबूभोवती. टोकाला पोचलो आणि लटकलो. काही झालं नाही. पाणी माझ्या पाठीखालून जात होतं. आभाळ होतं, वरची पेटी आभाळात काळी उभी होती, आणि मला वाटलं, नाही उठत, बरं झालं, नाही उठत. तेवढ्यात शिडाच्या कापडानं पाणी सोडल्याचा आवाज आला. डोलकाठी निघाली. ती त्या दिवशी जिथं थांबली होती तिथं आली, मला ती जागा नेमकी ओळखू आली, आणि ती तिथं थांबली नाही. निवांत वर गेली. मग एकदम सगळं हलकं झालं, मी बांबूसकट पाण्यात गेलो, डोक्यावर धाडकन आवाज झाला. वर आलो तो दोन पेट्यांच्या मधे, जाळीखाली. जाळीतून उन्हाचे चौकोन पडले होते. मी दांडी धरून तिथंच राहिलो. कोणी म्हणालं नाही, उठला राजा. मी वाट पाहत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आणि मग मी त्या जाळीखाली, जिथं कोणाला दिसत नव्हतं, खुशालसाठी पहिल्यांदा रडलो. सासूसारखा मोठ्यानं नाही, पण रडलो.

बोटीखाली सरळ पाण्यात गेलेला बांबू मी दोऱ्या सोडून पुढं वळवला, आणि तुलारामनं बोट काठापर्यंत दोरीनं ओढून आणली. "जमलं जी तेजरामभाऊ, झ्याक जमलं," तो म्हणत होता. मी रुखमाकडे पाहिलं नाही, ती काही बोलेल म्हणून पेट्या पुसत राहिलो. अट पुरी झाली होती. ती दगडावरून उठली, पाण्यात घोट्यापर्यंत आली आणि बांबूला हात लावला. बिजागरीपासून टोकापर्यंत हात फिरवत गेली, टोकाला थांबली. "माया आईनं देल्ला ना?" मी म्हटलं, हो. तिनं टोक सोडलं नाही. तुलाराम शहाणा, तो डोंगा बांधायच्या निमित्तानं पलीकडे गेला.

"त्या साली तुमाले तूप काहून चारत होती मी, मालूम आहे?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. त्या कोजागिरीपासून ती माझ्या भातावर तुपाची वाटी उपडी करायची, पोळीला तूप, डाळीला तूप, दुपारच्या डब्यात लाडू. खुशालनंच हिला सांगितलं असणार, भाऊजी वाळले म्हणून, असं मी तेव्हा समजलो होतो, आणि नवऱ्याचे लाड म्हणून खात गेलो होतो.

"त्याचे सदरे मीच आत घेतले होते, पोळ्याच्या आंदी," ती म्हणाली. "दोनदा घेतले. मले म्हणे बाई, भाऊजीले सांगू नको, ते बोट पाण्यात नाई टाकणार. त्या दिवशी तुमच्यानं बोट नाई उठली, मी इथंच बसली होती ना जी. मले समजलं. मले वाटलं, त्याचं गेलं ते तुमच्या आंगावर चढवतो. तेवढंच भरलं त तुमी दोघं आणखी एक साल बोटीवर जासान." तिनं बांबूवरचं पाणी हातानं निपटलं. "तुमच्या आंगाले त काई लागतच नाई. मेलं तूप सारं वाया गेलं."

मी ज्या आकड्यापासून तिला वाचवत होतो तो तिला माझ्याआधी माहीत होता. तिनं तो शिलाईच्या मशीनवर काढला होता, आणि त्यावरचा उपायही तिनं आपल्या परीनं केला होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिचा हात बांबूच्या टोकावर होता, माझा हात होता तिथंच, आणि ती तो बांबू जरासा हलवून पाहत होती, पक्का आहे का म्हणून.

"मंग हा बांबू तवाच काहून नाई लावला जी तुमी?" ती म्हणाली. "काठावर बसून राह्यला ना माया भाऊ. तीन महिने."

तेव्हा आम्ही दोघं होतो, म्हणून. दोघं असताना एकट्याचं गणित कोण करतं? पण हे उत्तर तिला द्यायचं नव्हतं, मलाही ते पुरत नव्हतं. त्या तीन महिन्यांतले सगळे रविवार मला एकदम दिसले, तो गुडघ्याभोवती हात बांधून या दगडावर बसलेला, आणि मी धुऊन-पुसून ठेवत असलेली बोट, जिला फक्त आठ फुटांचा एक बांबू हवा होता आणि बांबूचं बेट त्याच्याच बांधावर होतं.

मी वाकून बांबूची खीळ काढायला लागलो. "राहू द्या," रुखमा म्हणाली. "काढू नका." तिनं लुगडं गुडघ्यांपर्यंत आवळलं, उजव्या पेटीची दांडी धरली आणि माझ्या हाताचा आधार न घेता जाळीवर चढली. इतक्या वर्षांत ती कधी बोटीवर चढली नव्हती. शीड शिवलं तेव्हाही नाही. कुठं बसायचं हे तिनं विचारलं नाही. ती उजव्या बाजूला, मध्याकडे सरकून, खुशाल बसायचा तिथं बसली आणि समोर पाण्याकडे पाहत राहिली. शीड मी वर केलं नाही, दोरीही सोडली नाही. नुसता डाव्या बाजूनं वर आलो. तिच्या वजनानं बोट तिकडं थोडी झुकली, आणि मी सवयीनं माझ्या काठाकडे सरकलो.